पहिल्या नंबरावर

लखोटा आला तेव्हा किल्लीताई एका जुन्या कपाटाच्या किल्लीला कानस मारत होती. तिने सही करून तो घेतला, वरचा शिक्का पाहिला आणि धाकट्याची पाठ आपल्याकडे आहे याची खात्री करून मगच फोडला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. दुकान दोघांचं. ती बाकड्यावर बसून किल्ल्या कापायची, बिघडलेली कुलपं खोलून साफ करायची आणि हा हत्यारांची पेटी घेऊन, दाराबाहेर अडकलेल्या माणसांच्या मदतीला धावायचा. आत्ता तो पेटी आवरत शीळ घालत होता. त्याला या लखोट्याचा पत्ता नव्हता, आणि लागू द्यायचाही नव्हता.

पत्र स्पर्धा आयोगाकडून होतं. बाजारात कुणी एकटाच सगळ्यांच्या डोक्यावर बसत नाही ना, हे बघणारं हे सरकारी खातं. तीन महिन्यांपूर्वी ताई गुपचूप तिथे जाऊन त्या कंपनीविरुद्ध जबानी देऊन आली होती. त्या कंपनीचं नाव घ्यायची गरज कुणालाच पडत नसे. फोनवर काहीही शोधायचं म्हणजे तिच्याच पाटीवर शोधायचं, दुसरी पाटी होती कुठे? कुलूप अडकलं की माणूस फोन काढतो, ‘जवळचा कुलूपवाला’ असं टाकतो आणि वरून पहिल्या दोघांतिघांना फोन लावतो. चौथ्याला कुणी विचारत नाही. पूर्वी ताईचं दुकान त्या दोघांतिघांत असायचं. मग कंपनीने स्वतःचेच कारागीर नेमले, करड्या जॅकेटातले, आणि त्यांची चौकट सगळ्यांच्या वर आणून ठेवली. जे कंपनीच्या जॅकेटात शिरले ते तरले. जे शिरले नाहीत ते पानोपानी खाली गेले. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं लोक म्हणतात. इथे तर ससाही त्याचा, रानही त्याचं आणि शिकार कुणाची झाली हे सांगणारी जीभही त्याचीच.

तर आयोगाने विचारलं होतं, पुरावा काय? ताईकडे होती वही. चारशे तीन सकाळी तिने दुकान उघडल्या उघडल्या तेच शब्द टाकून पाहिले होते आणि आपण कितव्या आहोत ते लिहून ठेवलं होतं. आयोगाच्या अधिकारीणबाई वही पाहून खूश झाल्या होत्या. “तुमचं नाव कुठेही येणार नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “तुम्ही साक्षीदार क्रमांक सात. कंपनीला उत्तर देता यावं म्हणून जबानीची प्रत द्यावी लागते, पण नाव, दुकान, रस्ता, सगळ्यावर काळी पट्टी मारून.”

आज आली होती ती पट्ट्या मारलेली प्रत. कंपनीला महिन्यापूर्वीच पोचलेली, साक्षीदाराला फक्त माहितीसाठी. ताईने पानं उलटली. नावावर काळं, दुकानावर काळं, वडिलांचा उल्लेख होता तिथेही काळं. चांगलं काम केलंय म्हणून तिने मनातल्या मनात शाबासकी दिली आणि चौदावं पान उलटलं.

चौदाव्या पानावर तिची वही होती. एकही पट्टी नव्हती. तारीख, वेळ, क्रमांक. आठ वाजून अकरा मिनिटं, क्रमांक सतरा. आठ वाजून चार मिनिटं, क्रमांक एकोणीस. आठ वाजून बावीस मिनिटं, क्रमांक तेवीस.

हातातली कानस खाली पडली तेव्हा धाकटा वळला. “काय गं?”

“काही नाही. हात निसटला.”

कंपनीला नाव कशाला हवं होतं? जगातला प्रत्येक शोध तिच्याच पाटीवर होतो आणि कोणत्या यंत्रावरून, कुठल्या मिनिटाला झाला हे तिच्या दप्तरी असतं. चारशे तीन सकाळी, बरोबर त्या त्या मिनिटाला, तेच शब्द टाकणारं यंत्र जगाच्या पाठीवर एकच सापडणार आणि ते ताईच्या बाकड्यावर होतं.

मिनिटं लिहायची खोड तिची स्वतःची. खोड कसली, धंद्याची शिस्त. कुलूपवाला दुसऱ्याचं दार उघडतो. उद्या घरातली एखादी वस्तू हरवली तर पहिला संशय त्याच्यावर. म्हणून फोन कधी आला, दारी कधी पोचलो, कुलूप कधी उघडलं, निघालो कधी, सगळं मिनिटानिशी लिहायचं, असं वडिलांनी दोघांच्या कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं. दुसऱ्या कुणाला, एखाद्या शिंप्याला किंवा चष्मेवाल्याला, मिनिटं लिहायचं सुचलंही नसतं. ताईने लिहिली, आणि अधिकारीणबाईंना वाटलं, वेळ म्हणजे काही नाव नव्हे.

वडिलांची दुसरी शिस्त याहून कडक. कुणाचं कुलूप उघडलं ते घरातही बोलायचं नाही. ताईने आयोगाचं प्रकरणही तसंच पोटात ठेवलं. धाकट्याच्या बायकोला सातवा महिना होता, आणि तो जरा जास्तच सरळ माणूस. मनात आलं की तोंडावर. त्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीने ऐकलं असतं.

मग ती घाव कधी पडतो याची वाट बघत बसली. आता दुकानाचं नाव पाटीवरून पुसलं जाईल, पत्ता चुकीचा दाखवतील, नाहीतर ‘कायमचं बंद’ असं लिहून मोकळे होतील. चामड्याच्या पट्ट्यांच्या दुकानाचं असंच झालं होतं, तो माणूस उघड्या दुकानात बसून सहा महिने सांगत होता की मी उघडा आहे. दुकानात कुणी नवं गिऱ्हाईक शिरलं की ती त्याला निरखायची, हा खरंच किल्ली करायला आलाय की बघायला?

पाचव्या दिवशी सकाळी धाकटा संगणकासमोर उभा राहून किंचाळला.

“ताई! ताई, इकडे ये आधी!”

आले, असं म्हणत ती उठली.

पडद्यावर त्यांचं दुकान होतं. सगळ्यात वर. करड्या जॅकेटवाल्यांच्या चौकटीच्याही वर. दारावरच्या पाटीचा फोटो, फोन नंबर, पाच चांदण्या.

“पहिल्या नंबरावर!” धाकट्याने तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं. “मी म्हणत नव्हतो, चांगलं काम करत राहा, लोक ओळखतात? तू उगाच त्या कंपनीला शिव्या घालतेस.” त्याने स्वतःच्या फोनवर पाहिलं. तिथेही पहिले. त्याने बायकोला फोन लावला, तिच्या फोनवरही पहिले. मग त्याने पेटी दाराशी आणून ठेवली, बूट घातले आणि फोनसमोर खुर्ची ओढून बसला.

मारायला आलेल्याने गळ्यात हार घालावा तसं ताईला झालं होतं. आणि हाराला नाही कसं म्हणणार?

त्या दिवशी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जुनी ओळखीची गिऱ्हाइकं यायची तेवढी आली, पण शोधून लावलेला नवा फोन एकही नाही. धाकटा म्हणे, “पहिलाच आठवडा आहे. वाजेल.” बूट मात्र सकाळपासून पायात.

चौथ्या दिवशी ताई शेजारच्या चष्मेवाल्या काकांकडे गेली. काका दुनियेला चष्मे विकायचे आणि स्वतः फोन हातभर लांब धरून वाचायचे.

“काका, जरा तुमच्या फोनवर कुलूपवाला शोधा बरं.”

“का गं? स्वतःचं दुकान हरवलं की काय?” काका हसले आणि शोधलं. वर करडी चौकट. खाली अनोळखी नावं. काकांनी चार पानं सरकवली, पाचवं सरकवलं. “तू नाहीसच की इथे. थांब, तुझं नावच टाकतो.” त्यांनी दुकानाचं नाव टाकलं, तेव्हा कुठे ते आलं.

ताईला सगळं लख्ख कळलं. पहिला नंबर फक्त त्यांच्याच घराला दाखवला जात होता. तिला, धाकट्याला, भावजयीला. बाकीच्या जगासाठी दुकान होतं तिथेच होतं, तळाला. ती धावत जाऊन आपला फोन घेऊन आली, फोटो काढायला. काकांनी पुन्हा शोधलं आणि डोळे बारीक केले. “अरे वा. आहेस की. पहिलीच आहेस. मघाशी माझंच काहीतरी चुकलं.”

“चुकलं नाही काका.”

“चुकलंच असेल. म्हातारा झालो गं.”

मग ती कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या मावशींकडे गेली. या वेळी आधी फोटो काढला: दुकानाचा पत्ता नाही. तासाभराने पुन्हा पाहिलं, तर पहिलं. ज्या फोनला ती हात लावेल, ज्याच्या फोनवर तिचं नाव टाकलं जाईल, तो फोन तिच्या बाजूने खोटं बोलायला लागे. तिने तिसऱ्या कुणाकडे जायचं धाडस केलं नाही. आपण साथ पसरवत फिरतोय असं तिला वाटायला लागलं. रस्त्याने जाताना लोकांच्या हातातल्या फोनकडे बघायचीही तिला भीती वाटे.

तिने आयोगात फोन लावला, तोही धाकटा बाहेर गेल्यावर.

अधिकारीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. चौदाव्या पानाचं ऐकल्यावर मात्र त्यांनी आपली प्रत काढून ते पान पाहिलं. “वेळ झाकायला हवी होती,” त्या म्हणाल्या. “माझी चूक आहे ताई.” मग आवाज खाली आणून, “खरं सांगू? आमच्या कार्यालयातल्या यंत्रांवरही तुम्ही पहिल्या दिसता. मी मागच्याच आठवड्यात पाहिलं.”

“आणि माझ्याकडे फोटो आहे त्याचं काय?”

“एका फोनचा एक फोटो. कंपनी म्हणेल, प्रत्येकाला त्याच्या जागेप्रमाणे, सवयीप्रमाणे वेगळं दिसतं. ते तसं नेहमीच म्हणतात आणि ते अर्धं खरंही असतं.” त्यांनी तारीख पाहिली. “सुनावणी पाच आठवड्यांनी आहे. तुम्ही माघार घेतलीत तरी मी काही म्हणणार नाही. भीती वाटणं साहजिक आहे.”

भीती तर अशी वाटत होती की ताई माघार घ्यायलाच निघाली होती. पण मग वहीचं काय? बाकीच्या साक्षीदारांपैकी चौघे आधीच गळाले होते. ती गळाली की वहीही गळणार, कंपनी सुटणार आणि दुकान सावकाश मरणार, पहिल्या नंबरावर बसून. तिने येते म्हणून सांगितलं.

दरम्यान धाकटा बदलत चालला. शीळ बंद झाली. पेटीतली हत्यारं तो पुन्हा पुन्हा पुसायचा. एकदा साध्या दाराचं कुलूप बसवायला त्याने इतका वेळ घेतला की गिऱ्हाइकाने विचारलं, नवीन आहात का? ताईने कारण विचारलं तर म्हणाला, “काही नाही, झोप नीट होत नाही.” बाळ येणार म्हणून असेल, असं तिने स्वतःला समजावलं. स्वतःच्या भीतीपुढे तिला दुसऱ्याचं काही दिसत नव्हतं, हे तिचं चुकलंच.

सुनावणीच्या दिवशी ती घरून दाताचं निमित्त सांगून निघाली. आयोगाच्या सभागृहात एका कोपऱ्यात जाड पडदा लावला होता. मागे खुर्ची, माइक आणि आवाज बदलणारं यंत्र. ती अकराला बोलायला लागली, तर तिचाच आवाज विहिरीत पडलेल्या पुरुषासारखा बाहेर पडला. तिने शपथ घेतली. वहीत लिहिलं ते खरं आहे म्हणून सांगितलं. मग एकदाचं उरकलं म्हणून श्वास सोडला.

कंपनीचे वकील उभे राहिले. आवाज मऊ, लोण्यासारखा. “साक्षीदार सात कोण, हे आम्हाला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. गुप्ततेचा आम्हाला आदर आहे. आम्ही फक्त उदाहरणादाखल, सहज, एक छोटं दुकान निवडलंय. आमच्या जॅकेटात नसलेलं. अध्यक्षांनी स्वतःच्या यंत्रावर ‘जवळचा कुलूपवाला’ शोधावं.”

पडद्याच्या फटीतून ताईला सभागृहातला मोठा स्क्रीन दिसला. तिच्या दुकानाची पाटी. पहिल्या नंबरावर.

“आणि हे त्याच दुकानाकडून आलेलं पत्र,” वकील म्हणाले. “आम्ही कारागिरांना समाधानी आहात का विचारतो. वाचून दाखवतो. ‘माझं दुकान चाळीस दिवसांपासून पहिल्या नंबरावर आहे. कंपनी छोट्यांवर अन्याय करते असं माझी बहीणही म्हणायची, पण माझा अनुभव तसा नाही. मी समाधानी आहे.’ खाली सही आहे, मालकाची.”

आपलेच दात, आपलेच ओठ. ताईने डोळे मिटून घेतले. त्याने लिहिलं असणार, नक्कीच लिहिलं असणार. विचारलं कुणी की खरं सांगायचं, एवढंच त्याला येतं. आणि त्याच्या डोळ्यांना दिसलं तेच त्याने लिहिलं होतं.

आता गप्प बसलं की साक्षीदार सात खोटी ठरणार. बोललं की ती कोण हे सगळ्यांना कळणार, आणि पत्रावरचं धाकट्याचं नाव तिच्या नावाला कायमचं चिकटणार. अध्यक्ष विचारत होते, “साक्षीदार, यावर काही सांगायचंय?” अधिकारीणबाई पडद्याकडे बघून मान हलवत होत्या, नको, नको.

ताई उठली. आधाराला म्हणून तिने पडदाच धरला, आणि धरला तो बाजूला झाला.

“ते दुकान माझं आहे,” ती म्हणाली. यंत्राशिवाय तिचा आवाज फारच बारीक वाटला. “सही माझ्या धाकट्या भावाची आहे. तो खोटं बोललेला नाही. त्याला खोटं दाखवलंय. आम्हाला दाखवतात, तुम्हाला दाखवतात, गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. चाळीस दिवस आम्ही पहिल्या नंबरावर आहोत आणि त्या शोधातून आजच्या तारखेपर्यंत एकही नवा फोन आलेला नाही. एकही. शपथेवर सांगते. आमच्या फोनच्या नोंदी मागवा.”

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष पुढे वाकले. “हे सोपं आहे. दुकानाच्या फोनची चाळीस दिवसांची नोंद मागवा, आजचा दिवस धरून. बाईंचं म्हणणं खरं की खोटं, त्यावरून ठरेल. कंपनीची हरकत?”

वकिलांनी ताईकडे पाहिलं. दचकले नाहीत, चिडले नाहीत. “मुळीच नाही,” ते म्हणाले आणि खाली बसून टोपण लावलं पेनाला.

त्या टोपण लावण्यानेच ताईला धस्स झालं. का ते पायऱ्यांवर येऊन फोन सुरू करेपर्यंत कळलं नाही. सुरू करताच तो वाजला.

“ताई! कुठे आहेस तू? झाला का दात?” धाकटा धापा टाकत होता, मागे रस्त्याचा आवाज होता. “अगं फोन थांबेना! सकाळपासून नऊ! सगळे नवे, सगळे म्हणतात, शोधलं तर तुम्हीच वर होतात. मी तिसऱ्या दारी आहे आत्ता!”

“सकाळपासून म्हणजे?” तिने विचारलं. “किती वाजल्यापासून?”

“दहा चाळीसला पहिला. लिहिलंय मी, मिनिटानिशी.”

अकराला तिने शपथ घेतली होती. आजचा दिवस धरून.

“धाकट्या, ऐक, मला तुला काहीतरी...”

“आधी माझं ऐक. हसू नकोस हं.” त्याचा आवाज अचानक खाली आला. “इतके दिवस आपण पहिले आणि तरी कुणी बोलवेना. मला वाटलं, लोक आपलं नाव वाचतात आणि पुढे जातात. माझंच काम कुणाला नको झालंय. तुला बोललो नाही, पण माझा हात गेला असं वाटायला लागलं होतं गं. मी हिला म्हणालोसुद्धा, बाळ आल्यावर दुसरं काहीतरी बघू. आत्ता ते कुलूप दोन मिनिटांत उघडलं ताई. दोन मिनिटांत!”

ताईने त्याला सांगायला हवं होतं की हे फोनही त्यांनीच सोडलेत, नळ सोडावा तसे, आणि उद्या बंदही करतील. आणि त्याने उचललेला प्रत्येक फोन नोंदीत जाऊन तिच्या शपथेच्या विरुद्ध उभा राहणार आहे.

“थांब हं, मध्येच दुसरा येतोय,” तो म्हणाला. “नवाच नंबर. काय करू, तुझं बोलून होऊ दे की घेऊ?”

खाली रस्त्यावरून कंपनीचे वकील गाडीकडे चालले होते, अजिबात घाई न करता.

“घे,” ताई म्हणाली. “घे तो. कुणीतरी दाराबाहेर अडकलं असेल.”